अंजनाबाईंनी तोंड बंद ठेवलं तेव्हा

घाटकोपरच्या आमच्या चाळीत बातमी कळायला पेपर लागत नसे, अंजनाबाई परब होत्या. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाच्या चुलीवर मटण शिजलं, सगळं त्यांना आधी ठाऊक. आणि ठाऊक झालेलं त्यांच्या पोटात डाळ शिजेपर्यंतही टिकायचं नाही. नवरा भिकाजी म्हणायचा, "हिला गुपित सांगण्यापेक्षा भोंगा लावा, बोभाटा कमी होईल."

अशी ही बाई चौऱ्याऐंशी साली एकदा गप्प बसली. सून प्रेमा सातव्या महिन्यात होती आणि तिकडे कुडाळला तिचे वडील वारले. पोटुशीच्या कानावर मरणाची बातमी घालायची नाही, हा आमच्याकडचा दंडक. अंजनाबाईंनी चाळीला दम भरला. झालं, प्रेमा नळावर आली की बायका मुक्या. प्रेमाचा नवरा दत्ताराम तर तिच्याकडे बघेचना.

इतके बोलघेवडे लोक एकदम मुके झाले तर कुणाला शंका येणार नाही? प्रेमाने धरून घेतलं, बाळाचंच काही वाईट आहे आणि ते लपवतायत. ती जेवेना, झोपेना. बाळाची हालचाल मंदावली तेव्हा सासू तिला इस्पितळात घेऊन गेली.

तिथे नव्यानेच आलेल्या सोनोग्राफीच्या पडद्याकडे डॉक्टर पद्मजा बराच वेळ बघत राहिल्या. मूल जन्माआधीच, पोटातल्या पाण्यात, श्वासाची तालीम करतं, छाती हलवतं, असं त्यांनी सांगितलं. या बाळाचं हृदय नीट चाललं होतं. छाती हलत नव्हती.

"बाळं मधूनमधून थांबतात," त्या म्हणाल्या. "पण आईच्या धास्तीने रक्तात हार्मोन वाढतात, त्यानेही ही हालचाल बदलत असावी. प्रेमा, कसली भीती वाटते तुला?"

"सासूक इचारा. माझ्या बाळाक काय झालां, ता कोणच माका सांगनत नाय."

अंजनाबाईंचा चेहरा उतरला. "बाळाक काय एक नाय गो. तुझो बापूस गेलो. तुका त्रास नको म्हणान मीच सगळ्यांका गप केलंय."

प्रेमाने ओठ दाताखाली धरला. "अग्नी कोणी दिल्यान?"

"तुझ्या भावान."

पद्मजांनी प्रेमाला डाव्या कुशीवर निजवलं, पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने पडद्यावर ती इवली छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली.

"हे सांगून टाकल्याने झालं की त्याची विश्रांती संपली, ते मला छातीठोक सांगता यायचं नाही," पद्मजा म्हणाल्या.

प्रेमाची नजर पडद्यावरच होती. "आता मी रडलंय तर चलात?"

"रड," पद्मजा म्हणाल्या, आणि यंत्र तसंच चालू ठेवलं.