काउंट आला होता

‘‘भाऊ, नॉर्मल हाये ना?’’

वंदनाताईंनी मास्क हनुवटीखाली ओढून विचारलं. मी बालाघाटच्या एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वीस वर्षं रक्त काढतोय आणि हा प्रश्न रोज ऐकतोय. आमच्याकडे रिपोर्ट डॉक्टरच्या आधी काउंटरवरच विचारतात. खोटं कशाला बोलू, मलाही तो मान आवडायचा.

वंदनाताई राजेगावच्या अंगणवाडी सेविका. ब्लड कॅन्सरचे उपचार नागपूरला संपून तीन महिने झाले होते. दर पंधरा दिवसांनी त्या माझ्याकडे सीबीसीला, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीला येत. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं, तो बोन मॅरो औषधांनी पार रिकामा केला होता. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कशाबशा वर येत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच रिपोर्टवर एकही आकडा लाल, म्हणजे मर्यादेबाहेरचा, नव्हता.

‘‘एकदम नॉर्मल, ताई!’’ मी ओरडलोच.

‘‘मंग भाचीच्या लगनाले लालबर्राले जाऊ काय? नागपूरच्या डॉक्टरनं गर्दीत जाऊ नोको म्हटलंतं. फोन लावून राह्यली, लागूनच नाही राह्यला.’’

‘‘जा ना. काहून नाही? काउंट आला आता.’’

मागे उभ्या असलेल्या त्यांच्या यजमानांनी, देवरामजींनी, माझा हात धरून जोरात हलवला.

लग्नघरी एका लेकराला माता आली होती. म्हणजे कांजण्या. पण मातेला आजार म्हणायचं नाही, असा आपल्याकडचा शिरस्ता. खाटेला कडुलिंबाचा डहाळा बांधला की झालं. ताईंनी लेकराला मांडीवर घेतलं. त्यांना लहानपणी येऊन गेली होती, मग भीती कसली? मीही हेच म्हणालो असतो.

पण सगळ्या पेशी एकदम परत येत नाहीत. जुन्या आजाराची ओळख ठेवणाऱ्या तर फार उशिरा सावरतात. नव्या चौकीदाराला गावातला जुना चोर कुठे ठाऊक असतो? सीबीसी फक्त डोकी मोजते.

दोन आठवड्यांनी ताईंच्या अंगावर फोड आले, मग दुखणं फुप्फुसांत उतरलं. नागपूरला नेलं. अकराव्या दिवशी त्या गेल्या.

रिपोर्टवर सही करणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमना मी म्हणालो, ‘‘मॅडम, काउंट तो सही था.’’

‘‘काउंट तुम्हारा काम था. शादी में भेजना किसका काम था?’’

महिन्याभराने देवरामजी आले. मी उठून उभा राहिलो, शिव्या खायच्या तयारीने. त्यांनी मोबाइलमध्ये फोटो दाखवला. हिरव्या साडीत, मास्क न लावलेल्या ताई भाचीला हळद लावत होत्या.

‘‘डॉक्टरनं तं तिले घरातच कोंडलंतं. तुम्ही हौ म्हटलं म्हनून गेलती. लय खुश होती, भाऊ.’’

तो ‘हौ’ म्हणायचा अधिकार माझा नव्हता, हे त्यांना सांगायला हवं होतं. मी त्यांना नुसतं पाणी दिलं. आजही त्याची लाज वाटते.

आता कोणी विचारलं तर म्हणतो, ‘‘आकडा नॉर्मल आहे. गर्दीत जायचं का, ते डॉक्टरले विचारा.’’ लोक म्हणतात, भाऊ आजकाल लय भाव खातो. म्हणू देत. डॉक्टरचा फोन लागत नसेल, तर मीच लावत बसतो, लागेपर्यंत.