मनगटावरची हळद

आमच्या घरातलं उटणं पत्रकांच्या पुड्यांत बांधलं जायचं. बाबा वाशीमच्या एका छापखान्यात कामाला होते. छापखाना सुटला की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. हुंडा, अंगात येणं, मुलींची शाळा, असल्या विषयांवर ते स्वतः पत्रकं लिहायचे, छापायचे आणि रविवारच्या बाजारात वाटायचे. छपाईत बिघडलेले गुलाबी-पिवळे कागद घरी यायचे. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. मला जोडून वाचता आलेला पहिला शब्द ‘बंधू-भगिनींनो’ हा होता.

बाबा लिहायचे, आई घड्या घालायची. उरलेल्या वेळात ती चेहऱ्याला लावायचं सामान करायची. मसुराची डाळ भरडणं, संत्र्याच्या साली सावलीत वाळवणं, मूग दळून फडक्यातून गाळणं. आसपासच्या मुली, बाया यायच्या. एस्टी स्टँडमागच्या आमच्या पत्र्याच्या घरात दारापाशी एक पाट असायचा. त्यावर बसलं की आई आधी विचारायची, "काय पाह्यजे?"

"काकू, गोरं व्हायचं हाये."

"मंग दुकानात जाय. साफ व्हायचं असंल तं बस."

मुली हसायच्या आणि बसायच्या. आईजवळ सगळ्यांना एकच पुडी नसायची. आधी कातडी ओळखायची, मग हात डब्याला लावायचा. त्यासाठी तिने बाबांच्या पत्रकांचाच उपयोग काढला होता. त्या कागदाची एक बाजू कोरी असायची. सकाळी तोंड धुण्याआधी ती कोरी बाजू कपाळावर, नाकावर, गालांवर दाबायची. तेलकट कातडी असली की कागद तिथे पारदर्शक व्हायचा आणि पलीकडची अक्षरं उलटी उमटून दिसायची. माझ्या कपाळावर दाबलेल्या कागदातून अख्खं वाक्य वाचता यायचं.

"इचं डोस्कं पाहा," बाबा म्हणायचे, "पत्रक आतून छापून येते."

धाकट्या बहिणीचा कागद कोराच्या कोरा. आईचाही. दोघींची कातडी एकच, पातळ, कोरडी, थंडीत गालांवर भेगा पडणारी, जरा काही चुकलं की लाल होणारी. त्यामुळे मला मुलतानी माती, मसुराचं भरड पीठ आणि संत्र्याची साल, ताकात कालवून. त्या दोघींना यातलं काहीच नाही. त्यांच्यासाठी बेसन अगदी बारीक, त्यात साय आणि तिळाच्या तेलाचा थेंब. ज्यांचं कपाळ तेलकट आणि गाल कोरडे, त्यांना दोन पुड्या. जिच्या तोंडावर पुरळ असेल तिला नुसतं मुगाचं पीठ दह्यात, आणि वर ताकीद: "घासू नोको, बाई. ते तोंड हाये, पातेलं नाही."

आणि एक नियम होता. पुडी कुणाचीही असो, आधी आईच्या डाव्या मनगटावर आतल्या बाजूला लागायची. मग ती भाकरी करायची, कपडे वाळत घालायची, आणि मनगट बघायची. तिथे आग झाली नाही, लाल झालं नाही, तरच पुडी बांधायची. "माह्या कातडीनं सोसलं म्हंजे कोनाचीबी सोसते," ती म्हणायची. ते खरंही होतं. तिच्याइतकी हळवी कातडी त्या गल्लीत एकाच माणसाची होती, आणि ती तिच्याच पोटची होती.

बाबा गेले तेव्हा माझं शिक्षण नुकतंच संपलं होतं. ताप आला, तो उतरला नाही, एवढंच. त्यांच्या मागे पत्रकांची ट्रंक राहिली. त्यात विधवांवरचं त्यांचं एक पत्रक होतं, माझ्या सगळ्यात आवडीचं. नवरा मेला म्हणून बाईचा हात अशुभ होत नाही, असं त्यांनी साध्या शब्दांत लिहिलं होतं. आईने त्याच्या किती घड्या घातल्या असतील याला गणती नाही. त्याच कागदात बांधलेल्या बेसनाच्या पुड्या कितीतरी घरी गेल्या होत्या.

बाबांच्या माघारी धाकटीचं लग्न ठरलं, मानोऱ्याला. मुलगा चांगला, त्याच्या घरचे चांगले. हुंडा नाही, मानपान नाही. लग्न साधं, आमच्या दारातच. मी ठरवून टाकलं की धाकटीला पहिली हळद आई लावणार. बाबांनी जन्मभर हेच सांगितलं होतं.

मी हे सांगितलं तेव्हा आई डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"पाच सवाष्णी लावतीन," ती म्हणाली.

"काहून? तू काहून नाही?"

"भांडू नोको. म्या वाटून देईन ना. लावनारा हात कोनाचा का असंना, तोंडावर तं माह्यंच राहीन."

मी पुष्कळ बोलले. बाबांचं पत्रक तिच्यासमोर वाचूनही दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले पाठ हाये ते." मग डाळीचं ताट उचलून आत गेली. तिला काय वाटत होतं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही पुरतं कळत नाही. भीती होती, की थकवा, की लेकीच्या लग्नात कुणाचं तोंड वाईट होऊ नये एवढंच होतं. पण एक गोष्ट तिने स्वतःसाठी ठेवून घेतली होती. लेकीच्या तोंडाला लागेल ते तिने केलेलं असेल. यावर कुणाचीच हरकत नव्हती. बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, किन्हीराजाहून लग्नाची सगळी तयारी बघायला आली होती. तीसुद्धा म्हणाली, "तूच वाट वयनी. तुह्यासारखं कोनाले जमते?"

आईने ते उटणं जसं केलं, तसं काही मी तिला पुन्हा करताना पाहिलं नाही. रिसोडकडची हळकुंडं आणून घरी कुटली, कपड्यातून गाळली, पुन्हा गाळली. हळद अगदी बेताची, कारण धाकटीला जास्त चालत नाही. बेसन, साय, तिळाचं तेल. शेजारच्या चाचींनी वाळवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणून दिल्या. चाचांचं किराण्याचं दुकान. "हमारी बी बेटी है," म्हणत चाची स्वतःच खलबत्त्याला बसल्या. पाकळ्या कुटता कुटता आईला म्हणाल्या, "भाबी, इतना अच्छा बना री, मैं बी एक बार और शादी कर लूं क्या?" आई हसली. पदर तोंडावर घेऊन, खांदे हलेपर्यंत. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

हळदीच्या दिवशी दारात मांडव, पाटावर धाकटी, भोवती बाया. आई आतून वाटी घेऊन आली. उंबऱ्याच्या आतच थांबली आणि वाटी पुढे केली. आत्याने हात पुढे केला आणि तिची नजर खाली गेली.

"वयनी, हात दाखव."

आईने हात मागे घेतला नाही. डाव्या मनगटावर आतल्या बाजूला पिवळा डाग होता, रुपयाएवढा. तिने नेहमीसारखं लावून पाहिलं होतं. इतक्या वर्षांत तिने कुणाचीच पुडी लावून पाहिल्याशिवाय दिली नव्हती, मग स्वतःच्या लेकीची कशी दिली असती? तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं.

"तू लावली?" आत्याचा आवाज बारीक झाला. "आंगाले लावली तू आधी?"

"आक्का, पाह्यलं फक्त. तिची कातडी…"

"उष्टी केली, वयनी! तुही उष्टी हळद पोरीले लावू?"

आमच्याकडे उष्ट्या हळदीला अर्थ आहे. नवऱ्याच्या अंगाला लागलेली हळद नवरीकडे येते, ती उष्टी हळद. एकाच्या अंगाचं नशीब दुसऱ्याच्या अंगाला जोडायचं, असा त्याचा भाव. आत्याला त्या डागात तेच दिसलं. आईचं नशीब वाटीत उतरलेलं दिसलं.

मी मध्ये पडले. म्हटलं, आत्या, ज्या कातडीनं तिला जन्म दिला तिच्यावर लागलेलं तिला कसं बाधेल? म्हटलं, बाबांनी यासाठी जन्मभर कागद वाटले, आणि त्यांच्याच दारात हे? आत्या माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, म्हणून तर तिचा राग पुरता करता येत नाही.

"मले नोको शिकवू. माह्याच भावाचे कागद हायेत ते. म्याच पह्यले वाचले. कागदानं वाचला का तो? मले पोरीचं कुंकू सलामत पाह्यजे, बस."

मी आणखी बोलणार होते. आईने माझा हात धरला, घट्ट, पिवळ्या डागाच्या त्याच हाताने.

"चूप. तिचा दिवस हाये. तुही सभा नाही."

धाकटी पाटावर मान खाली घालून बसली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. एक शब्द, एवढंच मला हवं होतं. तिने पायाच्या अंगठ्याने पाटाची कड दाबून धरली होती. नवरीने बोलायचं नसतं, हे आपण पोरींना किती नीट शिकवतो!

आत्याने वाटी मोरीत रिकामी केली, आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. आमच्या मोरीचं पाणी दारापुढच्या नालीत जातं. गुलाबाचा वास आणि पिवळं पाणी मांडवाच्या कडेने वाहत गेलं. सगळ्यांना दिसलं. मग बाजारातून आणलेल्या सामानातलं हळदीचं पाकीट कात्रीने कापलं गेलं, पाण्यात कालवलं गेलं, आणि पाच जणींनी ते धाकटीला लावलं. गाणी झाली. चाची मांडवाच्या टोकाला उभ्या होत्या, त्या न जेवता घरी गेल्या. आई आत खलबत्ता घासत बसली होती. तो स्वच्छ होता तरी घासत होती.

संध्याकाळपर्यंत धाकटीचे गाल लाल झाले. लग्नाच्या वेळी पार्लरवाल्या मुलीने वरून जाड थर दिला. फोटोत काही दिसत नाही. फोटोत ती सुंदर दिसते.

मी स्पष्ट लिहिते: ती वाटी ओतली गेली तेव्हा आमच्या घरात दुसऱ्यांदा मरण झालं. पहिल्याला कुणाचा इलाज नव्हता. दुसरं माणसांनी हाताने केलं, प्रेमाने केलं, आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. त्यावर मी पत्रक लिहिलं, छापलं, बाजारात वाटलं. लोकांनी घेतलं, काहींनी उभ्यानं वाचलंही. घरी आणून मी आईसमोर गठ्ठा ठेवला. तिने सवयीने घड्या घातल्या.

तेव्हापासून तिने पाटावर मुलींना बसवणं सोडलं. कुणी आली तर म्हणते, "मोठीले इचारा." मी करते. कागद दाबते, कातडी ओळखते, भरडते, गाळते. तिने शिकवलेलं सगळं मला येतं. पण लावून पाहायचं मनगट माझं, आणि माझ्या कातडीला काहीच होत नाही. मी सगळ्यांना सांगते, घरी जाऊन आधी हातावर लावून बघा. हे सांगताना मला दर वेळी वाटतं, आपण अर्धंच काहीतरी देतोय.

या हिवाळ्यात धाकटीचा फोन आला. मानोऱ्याला त्यांच्या बोअरचं पाणी जड आहे. गाल उलले, तोंड धुतलं की झोंबतं. "मायले म्हन, माह्यं ते बेसनाचं करून धाड." मी आईला सांगितलं. ती उठली. धाकटीच्या लग्नानंतर पहिल्यांदा तिने डबे काढले. बेसन गाळलं, त्यातलं चिमूटभर वेगळं काढून साय घेतली, तेलाचा थेंब टाकला, बोटाने कालवलं. हळद घातली नाही. मी बाजूला उभी राहून बघत होते. मला वाटलं, आता. आता डावा हात उलटा होईल.

तिने बोटावर थोडं घेतलं आणि म्हणाली, "हात आन तुहा."

"माझ्या हातावर काय कळणार आहे, आई? माझी तेलकट. तिची तुझ्यासारखी."

"आन म्हनते ना."

मी हात दिला. तिने माझ्या मनगटावर ते हलकेच पसरलं, तिच्या जागी, आतल्या बाजूला. मग भाकरी टाकायला बसली. भाकरी झाल्यावर माझा हात उजेडाकडे धरून तिने खूप वेळ बघितलं.

"आग होते?"

"नाही."

होणारच नव्हती. तिला ते माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तिने पुडी बांधायला घेतली, तेवढ्यात धाकटीचा पुन्हा फोन आला. आईलाही ऐकू जावं म्हणून मी स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला.

"झालं का वं करून?"

"झालं," मी म्हटलं. "उद्या एस्टीनं आणून देते."

ती म्हणाली, "मायनं लावून पाह्यलं ना? आपल्या हातावर?"

मांडवात तिला जे बोलता आलं नव्हतं ते ती आता, इतक्या लांबून, बोलत होती. मी आईकडे बघितलं. ती ओट्यापाशी उभी होती. डावा हात तिने पदराखाली घेतला होता. कोरडा, स्वच्छ, काहीच न लागलेला.

"हो वं बाई," आई फोनकडे वाकून म्हणाली. "पाह्यलं. लाव तू बिनधास्त."