नीमा म्हणाली, "खाली बस!"

आधीच सांगते, भूत, आत्मा, बाहेरचं वगैरे प्रकारांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. हॉस्टेलच्या मुली शवागाराच्या गोष्टी सांगून एकमेकींना घाबरवायच्या, तेव्हा मी शेजारी बसून प्याज कचोरी खायचे. तरीही हे लिहितेय... कारण जे घडलं ते भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

बाबा रेल्वेत. मूळ गाव भुसावळ, पण माझी शाळा सगळी जयपूरची. त्यामुळे माझ्या मराठीत मध्येच 'मतलब' घुसतं, सांभाळून घ्या. तेव्हा मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि जयपुरातल्याच दुर्गापुऱ्याकडच्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आमची पोस्टिंग होती. सोबत नीमा. नाव आपल्याकडचं वाटतं, पण ती टांझानियाची — नर्स व्हायचं म्हणून एकटी इतक्या लांब आलेली. हिंदी मोडकीतोडकी, पण हात इतका हलका की तिने सुई टोचली तर लहान मुलंही रडायची नाहीत. तरी पेशंट म्हणायचेच, "काली वाली सिस्टर नहीं, दूसरी भेजो." ती गुपचूप ट्रे माझ्या हातात द्यायची. मी भांडायला निघाले की मला ओढून मागे आणायची.

"मुझे डिग्री लेके घर जाना है," ती म्हणायची, "झगड़ा लेके नहीं."

त्या दुपारी बाइक अॅक्सिडेंटचा एक तरुण मुलगा आणला. खरं सांगायचं तर आणला तेव्हाच त्याच्यात काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी नीमाला छाती दाबायला सांगितली. ती दाबत राहिली... घामाने युनिफॉर्म पाठीला चिकटला तरी थांबली नाही. शेवटी डॉक्टरांनीच तिला थांबवलं, नातेवाइकांना दोन शब्दांत सांगितलं आणि ड्युटी रूममध्ये जाऊन आतून कडी लावली. शूर माणूस!

मग स्फोटच झाला. "इसी काली ने मारा है! छाती तोड़ दी मेरे भाई की!" मुलाचा मोठा भाऊ ओरडला आणि मागून वीसेक माणसं आत घुसली. औषधांचं काचेचं कपाट आडवं झालं. मॉनिटर फुटला. एका वॉर्डबॉयच्या डोक्यात स्टूल घातलं, तो भिंतीला टेकून खाली घसरला आणि रक्त त्याच्या डोळ्यांत उतरलं. बाकीच्या मुली पेशंटच्या खाटांखाली शिरल्या.

त्या भावाने नीमाला भिंतीशी गाठलं. तिच्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी होती, ती त्याने पकडली आणि पिळली. पिळतच राहिला. नीमाचे पाय जमिनीवर घासत होते, जीभ बाहेर येऊ लागली होती. मी मागून त्याच्या पाठीवर चढले. हात ओढले, बोचकारलं, शेवटी दंडाला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली, पण त्याची पकड काही सुटेना. मला नीमाचा चेहरा समोर दिसत होता. माझ्या मागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

आणि तेव्हा ती बोलली.

"खाली बस!"

खणखणीत मराठी. आपल्या घरात मोठं माणूस दटावतं ना, तसं. आवाज नीमाचाच होता. मी विचार केलाच नाही, त्याला सोडून पाठीवरून घसरले आणि मटकन खाली बसले. डोक्यावरून सूं करत सलाईनचा लोखंडी स्टँड गेला आणि थेट त्या भावाच्या कानशिलावर बसला. मारणारा त्याचाच चुलतभाऊ होता, मारायचं होतं मला. भाऊ जागेवर कोसळला, पट्टी सुटली आणि नीमा माझ्या अंगावर पडली. तेवढ्यात मागचं कुलूप लावलेलं फाटक कोणीतरी उघडलं आणि आम्ही तिला ओढत तिथून बाहेर काढलं. पोलीस नंतर आले, नेहमीप्रमाणे.

मला वाटलं, भीतीने माझंच डोकं फिरलं असणार. मतलब, नीमाला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आम्ही हिंदी-इंग्लिशमध्येच बोलायचो, आमच्या घरी जेवायला आली तरी आई तिच्याशी हिंदीतच बोलायची. पण दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचे गार्ड भैया भेटले. हे मूळचे सीकरकडचे, मराठी त्यांनी कधी ऐकलेलीही नाही.

मी विचारलं, "भैया, पीछे का फाटक आपने खोला?"

"हाँ जी. वो विदेशी मैडम चिल्लाईं न, खाली बस, खाली बस! मैं समझा आप लोगों को भगाने के लिए कोई खाली बस आई है. फाटक खोल के देखा... बस तो थी ही नहीं."

म्हणजे ते फक्त मी ऐकलं नव्हतं.

घशाच्या डॉक्टरांना मी दहा वेळा विचारलं असेल. ते चिडून म्हणाले, इतक्या आवळलेल्या गळ्यातून श्वास निघत नाही, आवाज कुठून निघणार? नंतरही नीमा बरेच दिवस मोबाइलवर टाइप करूनच बोलायची. तिच्या घरचे परत ये म्हणत होते. तिने बॅग भरलीसुद्धा होती. मी रोज भांडायचे, रडायचे — शेवटच्या वर्षी सोडून गेलीस तर सगळं फुकट! ती नुसती मान हलवायची.

आवाज फुटला तेव्हा घोगरा, फाटका होता. मी पहिल्यांदा तेच विचारलं. आपण काही बोललो, हेच तिला आठवत नव्हतं. मग मी त्या दोन शब्दांचा अर्थ सांगितला.

"मैं तो मन में कुछ और बोल रही थी," ती म्हणाली. "वो डंडा लेके आ रहा था, मुझे दिख रहा था. मैं बोल रही थी, भाग! मुझे छोड़ और भाग!"

त्या संध्याकाळी तिने बॅग रिकामी केली आणि युनिफॉर्म धुवायला टाकला. आज ती तिच्या देशात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. आवाज अजून घोगराच आहे.

ते दोन शब्द कोण बोललं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर सांगा. पण माझा स्वभाव मला पक्का ठाऊक आहे... तिच्या मनातलं ते 'भाग' मला ऐकू आलं असतं ना, तर मी पळाले असते, आणि नीमा वाचली नसती.