बेसॉल्टच्या मुलखातले मामेसासरे

आमच्या मामेसासऱ्यांइतका एकनिष्ठ माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि ही निष्ठा कुठल्या देवावर किंवा पक्षावर नसून मँगेनीजच्या खनिजावर आहे. त्यांच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती: ज्यांच्या गावाखाली मँगेनीज आहे ते, आणि उरलेले. माझ्या लग्नात बायकोनं ओळख करून दिली तेव्हा त्यांनी माझं शिक्षण, नोकरी, पगार यातलं काहीही विचारलं नाही. "गाव कुठलं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, राहायला डोंबिवली, मूळ अलिबाग. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे बेसॉल्ट," ते म्हणाले, आणि मी एखादं जुनं दुखणं सांगितल्यासारखा त्यांनी माझा हात थोपटला. माझ्या गोव्याच्या मावशींना मात्र त्यांनी उठून खुर्ची दिली, कारण गोव्यात जांभ्याच्या पोटात का होईना, पण मँगेनीज सापडतं. त्यांच्या सोसायटीचा वॉचमन ओडिशातल्या केओंझरचा निघाला, त्या दिवशी तर मामांच्या घरी सणच होता. ज्या माणसाला अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणी अहोजाहो करत नव्हतं, त्याला मामा "आपण" म्हणू लागले. आपल्या जन्मगावाखाली एवढं काय काय पुरलेलं आहे हे त्या बिचाऱ्याला डोंबिवलीत येऊन कळलं, आणि पुढे तो गेटवर जरा ताठ बसू लागला.

मामांची सगळी नोकरी बालाघाट-भंडाऱ्याच्या खाणींवर भूवैज्ञानिक म्हणून झाली. मामी गेल्या, मामा निवृत्त झाले, आणि एकुलत्या एका मुलीला, मुक्ताला, ठाण्यात नोकरी लागली म्हणून दोघं डोंबिवलीतल्या मानपाड्याला राहायला आली. मामा याला स्थलांतर म्हणत नाहीत, हद्दपारी म्हणतात. ज्या जमिनीत शेकडो किलोमीटर नुसता बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, तिथे लोक राहतात कसे आणि बोलतात तरी कशावर, हा त्यांना पडलेला प्रश्न. तरी त्यांनी आशा सोडली नव्हती. एकदा आम्ही सगळे खडवलीला नदीवर गेलेलो. आम्ही पाण्यात, आणि मामा हातोडी घेऊन काठाकाठानं दगड ठोकत पार लांब गेले. गावातल्या एका भल्या माणसानं त्यांना वाकून शोधताना पाहिलं आणि विचारलं, "काका, काय पडलं काय?" मामा वर न बघताच म्हणाले, "मँगेनीज." तो माणूसही चप्पल काढून शोधायला लागला. बराच वेळ दगड उलथेपालथे केल्यावर त्यानं हळूच विचारलं, "सोन्याचं होतं का?"

त्यांच्या सवयी सोसायच्या तर माणूस नात्यातलाच हवा. कपबशी समोर आली की मामा चहा संपवून कप उलटा करतात आणि बुडाची कडा न्याहाळतात. त्या कडेला चकाकी नसते. तिच्यावर दगड घासला की त्याची खरी रेघ उमटते आणि रेघेवरून दगडाची जात कळते. त्यामुळे आमच्या घरातल्या प्रत्येक कपाच्या बुडाशी काळ्या-तपकिरी रेघोट्या आहेत आणि माझी आई पाहुण्यांसमोर ते कप काढतच नाही. पंगतीत मामांच्या शेजारी बसणाऱ्याचं जेवण गार होतं. भाताचा ढीग म्हणजे मध्य भारत. त्यावर आमटीची कोयत्यासारखी वाकलेली धार ओढली की झाला छिंदवाड्यापासून बालाघाटपर्यंतचा पट्टा, खाली नागपूर आणि भंडारा. लिंबाची फोड ओडिशा, चटणी आंध्रातलं विजयनगरम, कर्नाटकाला कोशिंबीर. गुजरातेतल्या पंचमहालाला ते नेहमी चिमूटभर मीठ ठेवत, तेही उदास होऊन, कारण तिथल्या जुन्या खाणी उपसून झाल्या आहेत. आमचं पान पूर्ण वाढलेलं असलं तरी कोकणपट्टीच्या जागी ते रिकामी जागा सोडायला लावत.

हसण्यासारखं असलं तरी मुक्ताला याचं हसू येत नव्हतं. तिची दोन स्थळं या खनिजापायी मोडली होती. पहिल्या मुलाचे वडील पोलादाचे व्यापारी निघाले. मामांना वाटलं, अखेर जाणकार भेटला. मँगेनीजशिवाय पोलाद नाही, हे त्यांना समजावता समजावता मुलाला मुलगी दाखवायचीच राहून गेली. दुसऱ्या मुलाची आई पंचमहालची होती. मामांनी हात जोडून, अगदी कळवळून सांगितलं, "तुमच्याकडचं आता सगळं संपलंय हो." बाईंना वाटलं, हे त्यांच्या वयाबद्दल चाललंय.

तिसरा मुलगा मुक्तानं स्वतः पसंत केलेला होता. तिच्याच ऑफिसमधला, नीलेश. ठाण्यातलं जुनं आगरी कुटुंब. आजोबांच्या वेळी मिठागरात राबलेलं, आता मोठ्या टॉवरमध्ये राहणारं. नीलेशच्या घरी बोलणी करायला जाण्याच्या आदल्या दिवशी मुक्ता आमच्याकडे आली आणि मला म्हणाली, "जिजू, तुम्ही बाबांच्या शेजारी बसा. हे फिसकटलं ना, तर मी दुसरं कुणी बघणार नाही." ती रडत नव्हती, त्यामुळे मी जास्त घाबरलो. मामांनी तिला मामींच्या फोटोसमोर शब्द दिला की मँगेनीजचा म काढणार नाही. शिळफाट्याच्या रस्त्यावर जिथे जिथे डोंगर कापून खडक उघडा पडलाय, तिथे तिथे त्यांनी गाडीत डोळे मिटून घेतले.

नीलेशच्या घरी सगळं छान चाललं होतं. मामा हवेवर बोलले, मेट्रोच्या कामावर बोलले, एका पेढ्याचं कौतुक केलं. मी निर्धास्त होत होतो, तेवढ्यात नीलेशचे वडील उठले आणि काचेच्या कपाटातून मखमलीवर ठेवलेला, नारळाएवढा एक काळा दगड घेऊन आले. त्यांनी तो मामांच्या मांडीवर ठेवला. "ही आमच्या मिठागरात पडलेली उल्का," ते म्हणाले. "माझ्या वडलांनी मला आणून दिली, मी पाचेक वर्षांचा असेन. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. तुम्ही तर दगडांचे डॉक्टर. बोला, कुठल्या ग्रहावरचा?"

मामांनी दगड दोन्ही हातांनी तोलला आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. मग ते म्हणाले, "वजनदार आहे."

"आणि?"

"काळा आहे."

मामांनी चहा एका घोटात संपवला, सवयीनं कप उलटा केला, दचकून सरळ केला, पुन्हा उलटा केला. त्यांचे डोळे मुक्ताकडे लागले होते. परीक्षेत उत्तर येत असून हात वर करायची बंदी असलेल्या मुलासारखे ते दिसत होते. मुक्तानं नीलेशकडे पाहिलं, मग बापाकडे. मला वाटलं ती विषय बदलेल. ती म्हणाली, "बाबा, सांगून टाका."

कपाच्या बुडावर दगड घासला गेला. गडद तपकिरी रेघ उमटली. "हा आकाशातला नाही," मामा म्हणाले, "हा बालाघाटचा. मँगेनीज."

नीलेशच्या वडलांचा चेहरा बघवेना. साठी ओलांडलेल्या माणसाची उल्का एका क्षणात जमिनीवर आली होती. मी चपला कुठे काढल्यात ते आठवू लागलो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या पलंगावर इतका वेळ गप्प बसलेली नीलेशची आजी हसायला लागली. पदर तोंडाला लावून, अंग हलवत, थांबेचना.

"आभालातना नाय पडला तो," ती मुलाला म्हणाली. "तुझा बापूस तवा गोदीन कामाला जायाचा. बोटीवर असले दगड भरायचे. तू रडत होतास, मला खाऊ नाय आनला म्हून. त्याचे खिशान पैसं नव्हतं. मंग त्यानी तुला सांगितला, तुझेसाठी आभालातना पडला."

"आये, मग आतापर्यंत बोलली का नाय?"

"तू खूश होतास," आजी म्हणाली.

आधी नीलेशच्या वडलांचे खांदे हलले आणि मग ते आईपेक्षा मोठ्यानं हसले. आजीनं मामांना जवळ बोलावलं. दगड कुठल्या गावचा, हे तिच्या नवऱ्याला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. ते तिला ऐकायचं होतं. मामा पलंगापाशी जमिनीवर मांडी घालून बसले. ताटातले पेढे, चिवडा, केळ्याच्या फोडी मांडून त्यांनी सगळा देश उभा केला. त्या जागी कधीकाळी समुद्र होता, त्याच्या तळाशी हे थराथरानं साचलं, मग दाबलं गेलं, भाजलं गेलं, घड्या पडून डोंगरात अडकलं, असं ते सांगत गेले. आजी ऐकून म्हणाली, "म्हंजे ते पन मिठागरच."

"हो आजी," मामा म्हणाले, "तसंच काहीसं." लग्नाची तारीख त्याच बैठकीत ठरली, आणि ठरवताना ओडिशा कुणीतरी खाऊन टाकलं होतं.

लग्न होऊन मुक्ता ठाण्याला गेली. त्यानंतर एका रविवारी मी मानपाड्याला मामांकडे गेलो. त्यांनी स्वतः चहा केला, चांगला केला. मग समोर बसून विचारलं, "काय जावईबापू, ऑफिस कसं चाललंय?" इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला होता. मी ऑफिसचं सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते, मध्येच खिडकीबाहेर बघत होते. पाणी कधी येतं, लिफ्ट कशी बंद पडते, मुक्ताच्या खोलीचा पंखा कसा आवाज करतो, हे त्यांचंही सांगून झालं. या माणसाला रस्त्यात पाहून मी कैकदा फुटपाथ बदललेला आहे. तरी मी विचारलं, "मामा, ओडिशातलं मँगेनीज आणि बालाघाटचं, यात नेमका फरक काय?"

त्यांनी मान वर केली. "खरंच विचारताय, की मुक्तानं सांगितलंय?"

"खरंच विचारतोय."

त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि घसा साफ केला. म्हणाले, मग सुरुवातीपासून घेऊ, घाई नाही ना? मी नाही म्हटलं. बाहेर अंधारून आलं, दिवा लावायचं कुणालाच सुचलं नाही. आतल्या खोलीत फोन वाजला. मुक्ता रोज याच वेळेला करते. मामांना तो ऐकू आला नाही. सांगता सांगता ते नुकतेच महाराष्ट्राच्या हद्दीत शिरले होते, आणि मीही त्यांना थांबवलं नाही.