माठावरचा पेला

नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत त्यांना सगळे नुसतं सिस्टर म्हणायचे. रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या कोपऱ्यात जुन्या साडीचा पडदा बांधून त्या फुकट तपासायला बसत. बाई भलत्याच बोलक्या. नवऱ्याचं घोरणं, सासूचा हट्ट, स्वतःचं सुटलेलं पोट, सगळं चारचौघांत सांगून हसवायच्या. पडद्याआडचं मात्र अक्षर बाहेर येत नसे. धडधाकट माणसालाही त्या आत गप्पा मारत मुद्दाम बसवून ठेवायच्या, म्हणजे कोण जास्त वेळ बसला यावरून बाहेरच्यांना काही ताडता येऊ नये.

एकदा विहाराच्या बैठकीत कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "सिस्टर, कॉलनीत कुणाला तरी टीबी झालाय म्हणतात. नाव सांगा, इथल्या माठावर त्याचा पेला वेगळा ठेवू."

सिस्टर ताडकन उठल्या. "नाव कोर्टानं विचारलं तर बघू, दादा. तुम्ही कोर्ट नाही. लोकांना धोका असता तर मीच त्याला घरी बसवलं असतं, ती जबाबदारी माझी. आणि काय हो, आपल्या आजोबांना लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे. आता आपणच पेला वेगळा ठेवायचा?"

अध्यक्षांनी वही उलटून पुढचा विषय काढला.

मी दाराशी बसलो होतो. टीबीची इंजेक्शनं मलाच चालू होती, तीही सिस्टरच्याच हातून. पण त्या सबंध बैठकीत त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

उठताना मी माठाशी गेलो आणि सगळ्यांचाच तो पेला भरून घेतला.