गल्ल्यावर बसवलेली

आमच्या गावच्या बसस्टँडवर उतरलं की समोरच मी दिसते. म्हणजे माझा फोटो. भला मोठा फ्लेक्स, हातात चकचकीत परात आणि तोंडभर हसू. एवढे दात मी माझ्या लग्नातही दाखवले नव्हते. खाली लिहिलंय, 'आपलं गाव, आपला बाजार. बाहेर कायले जाता?' एकदा संग्रामपूरहून, म्हणजे माहेराहून परत येत होते, तर सोबत उतरलेली एक बाई एकदा फ्लेक्सकडे बघे, एकदा माझ्याकडे बघे. शेवटी न राहवून म्हणाली, "अवं माय, तुमीच का त्या?" मी म्हटलं, "नाई बाई, ते माही जुळी बहीण. ते लय हसते."

हा फ्लेक्स आमच्या व्यापारी संघाने लावला. संघाबद्दल वाईट बोलायची माझी टाप नाही, आणि वाईट बोलावं असं त्यांनी कधी काही केलंही नाही. तीच तर पंचाईत आहे. आमचं गाव घाटावरचं, तालुक्याचं. किराणा, कापड, कृषी केंद्र, चपला, भांडी, सगळी बाजारपेठ संघात. लोक लग्नाचा बस्ता बांधायला खामगाव-अकोल्याला पळतात, उरलेले घरबसल्या मोबाइलवर मागवतात. म्हणून दिवाळी आली की संघ ऑटोवर भोंगा बांधून खेडोपाडी फिरवतो, चौकात मांडव घालतो, गिऱ्हाइकांसाठी सोडत काढतो. आणि सभासदाच्या घरी काही झालं तर विचारूच नका. नातेवाईक मागून येतात, संघ आधी हजर.

माझे मालक आमच्या भांड्यांच्या दुकानातच छाती धरून खाली बसले, तेव्हा त्यांना गाडीत घालून बुलढाण्याला पळवणारी माणसं संघाचीच. ते वाचले नाहीत. त्या दिवशी बाजारपेठेत एक शटर वर गेलं नाही. तेरवीपर्यंत मला घरात साधा पाण्याचा हंडा उचलावा लागला नाही. पाहुण्यांना चहा कोण देतंय, पंगती कोण वाढतंय, मला पत्ताच नव्हता. आम्हाला मूलबाळ नाही. सासू-सासरे आधीच गेलेले. माझा भाऊ तेवढा कोपऱ्यात बसून होता. तो हळूच म्हणाला, "ताई, तेरवी झाली की चाल आपल्या घरी." मी मान हलवली. तेव्हा खरंच वाटलं होतं की जाईन.

पण आमच्या संघात एक रीत आहे. सभासद गेला तरी त्याचं दुकान बंद पडू द्यायचं नाही. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष घरी आले. कापड दुकानवाले, वयाने मोठे, मला धाकट्या भावजयीसारखं जपणारे. म्हणाले, "चला वहिनी." मला वाटलं, कुठे सही-बिही करायची असेल. पदर सारखा केला आणि निघाले. बघते तर दुकान उघडलेलं, झाडलेलं, शटरला झेंडूचा हार, गल्ल्यामागच्या खुर्चीवर नवी गादी, आणि समोर अख्खी बाजारपेठ रांगेत उभी. मला त्या खुर्चीत बसवलं. मग एकेकाने येऊन माझी बोहनी केली. किराणावाल्याने पोळ्या उलटायचा सराटा घेतला. मेडिकलवाल्याने दूध तापवायचा गंज घेतला. मागच्या गल्लीत ज्याचं स्वतःचं भांड्यांचं दुकान आहे, त्यानेही माझ्याकडून एक झारा घेतला. आता त्याच्याकडे काय झाऱ्यांचा दुष्काळ पडला होता? मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, बाई गहिवरली. अध्यक्षांचे डोळे भरून आले. "रडू नका वहिनी, आमी हाओत ना." मी रडत होते ते वेगळंच होतं. मला कळून चुकलं होतं की आता इथून उठणं कठीण आहे. ज्या माणसांनी रांग लावून आपली बोहनी केली, त्यांच्या तोंडावर शटर कसं ओढायचं?

मला ते दुकान कधीच आवडलं नाही. बोळासारखं अरुंद, भर दुपारी लाइट लावावा लागतो, आणि दिवसभर भांड्यांचा खणखणाट. मालक होते तोवर मी तिकडे फारशी फिरकायचेही नाही. मी बागवानाची लेक. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं संत्र्याचं शेत. वडिलांनी मला फ्रॉकात असतानाच डोळा बांधायला शिकवलं होतं. जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चाकूने अलगद उकलायची, तिच्यात संत्र्याचा डोळा सरकवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा. भावाच्या हातचे डोळे अर्धे सुकायचे. माझे जगायचे. वडील भावाला म्हणायचे, "हिच्या हाताले गुण हाय, तुह्या हाताले घाई हाय." तो चिडायचा आणि मी आणखी चिडवायचे.

तर अशी मी, आणि आता माझ्या हातात ताटल्या-वाट्या. दुकान चांगलं चालायला लागलं, कारण संघ ते चालवल्याशिवाय सोडत नव्हता. कोणाच्या ओळखीत लग्न निघालं की आंदणाची भांडी आमच्याकडूनच. वर्षातून एकदा मला स्टेजवर बसवून शाल-श्रीफळ. मग अध्यक्ष माइकवर सांगायचे की आमचा संघ कसा हाय ते पाहायचं असन तर आमच्या वहिनीकडे पाहा. मी पाहणाऱ्यांकडे पाहायचे. दुसरं काय करणार! एकदा तापाने फणफणले होते. मनात म्हटलं, चला, दोन दिवस तरी सुटका. तर शेजारच्या कटलरीवाल्याने चावी नेऊन माझंही दुकान उघडलं. संध्याकाळी मोसंबी घेऊन आला आणि म्हणाला, "काई काळजी करू नका वहिनी, दुकान एक मिन्ट बंद नाई ठेवलं." मी अंगावर गोधडी ओढून घेतली आणि मनातल्या मनात त्याला अशा शिव्या दिल्या की बस.

यंदा पोळा झाल्यावर भावाचा फोन आला. त्याने रोपवाटिका काढायचं नक्की केलं होतं. शेड उभं राहिलं होतं, जंबेरीची रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली होती. "ताई, थंडी पडली की डोळे बांधा लागतीन. माहा साळा मागं लागून राह्यला भागीदारीसाठी, पण मले तूच पाह्यजेन. मागची खोली तुह्यासाठी काढून ठेवली हाय. दसऱ्याच्या आत सांग." मी दुकानातच उभी होते. समोर एक म्हातारी डब्याचं झाकण घट्ट बसतं का नाही ते दहादा लावून बघत होती. तिला तो डबा मी जवळजवळ फुकटच देऊन टाकणार होते, इतका आनंद झाला होता.

गणपती उठल्यावर संघाची बैठक होती. मी पाठ करून गेले होते. माझी पाळी आली तशी उठले आणि सांगून टाकलं, "मले दुकान बंद करायचं हाय."

"काऊन वहिनी?" अध्यक्ष घाबरलेच. "कोणी काई बोललं का तुमाले?"

"नाई."

"माल येऊन नाई राह्यला का?"

"येते ना."

"मंग एकट्यानं होत नसन. आमच्या सुनेले पाठोतो दुपारची." चपलांचं दुकान चालवणारा पोरगा, नुकतंच लग्न झालेला, तोही उठून उभा राहिला. "वहिनी, तुमच्या ऑर्डरी मी पोचवत जातो. माही गाडी हायच, तुमी फक्त फोन करा."

मी जोर करून म्हटलं, "मले माहेरी जायचं हाय. रोपं करायची हायेत."

"अवं मंग करा ना!" कृषी केंद्रवाला एकदम खूश झाला. "दुकानासमोर कुंड्या ठेवू. मी देतो आणून." सगळे हसले, अगदी प्रेमाने. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे खरोखर कुंड्या आल्या. तुळस, जास्वंद आणि एक संत्र्याचं रोप. भांड्यांच्या दुकानासमोर, डांबरी रस्त्यावर, कुंडीत संत्रा! त्याचा बांधलेला डोळा तर इतका वाकडा होता की माझ्या वडिलांनी बांधणाऱ्याचा कान पिळला असता.

कुंड्यांच्या आदल्या दिवशी, बैठक संपल्यावर, अध्यक्ष माझ्याजवळ आले होते. खाली बघत हळू आवाजात त्यांनी विचारलं, "वहिनी, आमचं काई चुकलं का?"

काय सांगायचं या माणसाला? माझ्या मालकाच्या तिरडीला त्याने खांदा दिला होता. मी म्हटलं, "नाई भाऊ, तुमचं काऊन चुकन?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, इथे तर तोंडात पेढा कोंबून होता. त्याच संध्याकाळी भावाला फोन केला की तुझ्या साळ्यालाच घे. तो म्हणाला, "ताई, पक्कं?" मी म्हटलं, "पक्कं." फोन ठेवला आणि मोरीत जाऊन, नळ चालू करून, पोटभर रडले.

दसऱ्याच्या तोंडावर तो चपलांच्या दुकानाचा पोरगा गेला. चिखलीच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं. पुन्हा बाजारपेठ बंद, पुन्हा संघाची धावपळ, पंगती, सगळं. मी त्याचं नाव फोनमध्ये काढून बघायचे. एकही ऑर्डर त्याला सांगितली नव्हती मी. त्याची बायको दुसरबीडची, अगदी पोरसवदा. तेरवीच्या दिवशी अध्यक्ष मला म्हणाले, "वहिनी, तुमीच समजावा तिले. उद्या गल्ल्यावर बसवा लागते. तुमचं ऐकन ते."

मी गेले. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिने मला बसायला चटई दिली आणि मी काही बोलायच्या आत दाराकडे बघत विचारलं, "ताई, नाई म्हटलं तर चालते का?"

ती सांगत राहिली. लग्नाआधी ती नर्सिंगला होती, शेवटचं वर्ष राहिलं होतं. भाऊ न्यायला येतो म्हणतो, पुन्हा नाव घालतो म्हणतो. "पण इतके लोक करून राह्यले माह्यासाठी. कसं म्हणू? तुमी कसं केलं होतं?"

मी म्हटलं, "पोरी, मी म्हटलंच नाई. म्हणायचं असन तर उद्याच म्हण. खुर्चीत बसल्यावर नाई म्हणता येत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच हार, तशीच झाडलोट, तशीच रांग. ती पायरीशी येऊन थांबली. अध्यक्ष मायेने म्हणाले, "चाल पोरी." तिने पाऊल उचललं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. रांगेतल्या किराणावाल्याने तर सँडल निवडूनही ठेवले होते, लेडीज सँडल, हातात धरून उभा. मी पुढे झाले.

"भाऊ, तिले नाई बसायचं. तिले शिकाले जायचं हाय."

"असं कसं वहिनी?" ते गोंधळले. "पह्यले पह्यले सगळ्याईले जड जाते. तुमी बसल्या ना? तुमचं काई वाईट झालं का?"

"मी बसली नाई भाऊ. मले बसवलं." माझा आवाज चढला, मलाच तो ओळखू येईना. "त्या दिवशी मले कोणी विचारलं होतं का? मी रडत होती, तुमी म्हणे गहिवरली! रोज शटर वर करतो तवा माहा जीव खाली जाते. तुमी सगळे इतके चांगले हा की मले तुमच्यापासून पळताही येत नाई. निदान इले तरी जाऊ द्या!"

किराणावाल्याने सँडल जागेवर नेऊन ठेवले. अध्यक्षांचा चेहरा असा झाला की मलाच त्यांची दया आली, पण मी शब्द मागे घेतला नाही. ती पोरगी आत गेली, आणि दुपारी भावाच्या गाडीत बसून दुसरबीडला निघाली. जाताना माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं आणि म्हटलं, पास होऊन दाखव.

त्या दिवशी अंग हलकं झालं होतं. वाटलं, आता बोललेच आहे, तर आपलंही होऊन जाऊ दे. दुकानात जाऊन उभ्या उभ्याच भावाला फोन लावला. म्हटलं, "मी येऊन राह्यली."

तो म्हणाला, "ताई, तू तर पक्कं म्हटलं होतं." साळ्याने बायका-पोरांसह बिऱ्हाड आणलं होतं. मागच्या खोलीत ते राहत होते. पोरांची शाळेत नावं घालून झाली होती, आणि डोळे बांधायला त्याने त्याच्याकडची माणसं ठरवली होती. "आता त्याले कसं सांगू? तू ये ना राहाले, चार दिवस, आठ दिवस. तुह्यंच घर हाय." मी म्हटलं, "नाई रे, असंच विचारलं." दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून रडताही आलं नाही.

दिवाळीच्या थोडं आधी अध्यक्ष आले. बऱ्याच दिवसांनी. समोरच्या स्टुलावर बसले, चहा घेतला, कपाकडे बघत म्हणाले, "वहिनी, मी लय विचार केला. तुमचं खरं हाय. आमी कोणाले विचारतच नाई. तुमाले जायचं हाय ना? खुशाल जा. दुकानाची काळजी करू नका, कोणी तुमाले अडवणार नाई. संघ तुमच्या मागं हाय."

मनापासून बोलत होते. त्यांना ते किती जड गेलं असेल, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "हाव भाऊ."

"मंग कधी निघता?"

"दिवाळीचा माल येऊन पडला हाय. थो खपू द्या, मंग पाहू."

ते समाधानाने उठले. खरं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी सगळा संघ गाडी करून संग्रामपूरला गेला असता, भावाच्या साळ्याला समजवायला.