पूर्वजांना सांगायची बातमी
भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचा वास आला की मला कापडे गावातलं आमचं शेत आठवतं. राबाला काडी लावण्याआधी मामंजी बांधावरच्या दगडापुढे नारळ ठेवायचे आणि ज्या पूर्वजांनी रान तोडून ते शेत काढलं, त्यांना घरातल्या वर्षभराच्या बातम्या सांगायचे. त्या वर्षी धाकटा दीर मुंबईला गिरणीत लागला ते सांगितलं, म्हैस व्याली ते सांगितलं आणि निघाले. मी आपली तान्ह्या मुलीला पदराखाली घेऊन वाट बघतेय. सासूबाई म्हणाल्या, "म्हैस व्याली ती सांगितलीत, सून बाळंत झाली ती नाय?" मामंजी पुन्हा दगडाकडे वळले. "आणि नात झालीय. आजे, नाक तुझंच हाय." आता मामंजींच्या माघारी दर वर्षी बातम्या सांगायला ती मुलगीच येते. माझ्या गुडघ्यांचंसुद्धा सांगते.